रानातली हाक आणि आकाशातला निरोप्या

माणसाच्या हाकेला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. गावात कुणी हाक मारली की शेजारी ओ देतो; शेतात मारली, तर बांधावरचा माणूस मान वर करून पाहतो. परंतु डोंगराच्या दोन सोंडांमध्ये वारा घोंघावत असला, म्हणजे शंभर पावलांवरच्या सोबत्यालाही आपला आवाज पोहोचत नाही. ही मर्यादा विज्ञानाने ओलांडली, असा आपला सर्वसाधारण समज आहे. खिशात मोबाइल आहे, मग एकटेपणा कसला, असे आपण म्हणतो. पण मोबाइल हा आकाशाशी बोलत नसतो. तो बोलतो जवळच्या मनोऱ्याशी, आणि मनोरे उभे राहतात ते वस्ती असेल तेथे, रस्ता असेल तेथे. शेवटचे गाव मागे पडले, पहिली खिंड ओलांडली, की त्याच मोबाइलचा नुसता कॅमेरा होतो.

याचा अर्थ काय होतो, हे २०२४ सालच्या जून महिन्याच्या आरंभी आपण सर्वांनी वाचले. उत्तराखंडातील सहस्रताल हे सरोवर सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. त्या वाटेवर बावीस जणांची एक तुकडी हिमवादळात सापडली. त्यांतील बहुतेक कर्नाटकातून गेले होते, एक जण महाराष्ट्रातील होता, आणि बरोबर स्थानिक वाटाडे होते. त्यांपैकी नऊ जण परत आले नाहीत. तेथे मोबाइलचे जाळे नव्हते. संकटाची बातमी खाली पोहोचविण्यासाठी माणसाला पायी उतरावे लागले. मग यंत्रणा हलली, मग हेलिकॉप्टरे उडाली आणि उरलेल्यांना खाली आणण्यात आले. हाताशी उपग्रहाशी बोलणारे एखादे यंत्र असते तर नऊही जण वाचले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. थंडी आणि वादळ कुणाची वाट पाहत नाहीत. परंतु माणसाच्या पायांनी उतरलेली बातमी यंत्राने काही मिनिटांत उतरविली असती, एवढे निश्चित म्हणता येते. त्या गेलेल्या तासांचे मोल काय, याचाच विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रानावनात नेण्याच्या उपग्रहयंत्रांचे तीन निरनिराळे प्रकार आहेत, आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिला प्रकार म्हणजे केवळ ठिकाण सांगणारे यंत्र, ज्याला आपण जीपीएस म्हणतो. हे यंत्र फक्त ऐकते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सतत सांगत असतात; त्यावरून हे यंत्र स्वतः कोठे आहे याचा हिशेब करते. तुम्ही कोठे आहात हे त्यामुळे तुम्हांला कळते. जगाला कळत नाही. मोबाइलमध्ये नकाशावर निळा ठिपका दिसतो, म्हणून आपला पत्ता घरच्यांना लागला असे समजणे, हे लिहिलेले पत्र खिशात ठेवून ते पोहोचले असे मानण्यासारखे आहे.

दुसरा प्रकार संकटसूचक यंत्राचा. हे एकच काम जाणते. झाकण उघडून कळ दाबली, की ते ठरलेल्या लहरीवर आक्रंदन सुरू करते, आणि बॅटरी संपेपर्यंत थांबत नाही. त्याला प्रश्न विचारता येत नाही आणि उत्तर देता येत नाही. तिसरा प्रकार संदेशयंत्राचा व उपग्रह-फोनचा. यावरून लेखी निरोप पाठविता येतो, घेता येतो. फोन असल्यास बोलताही येते. हाताच्या मुठीत मावणारी अशी संदेशयंत्रे २०११ सालापासून परदेशी गिर्यारोहकांच्या पाठपिशवीला लटकलेली दिसू लागली. २०२२ च्या अखेरीस तर अमेरिका आणि कॅनडा या देशांत साध्या मोबाइलमधूनच उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठविण्याची सोय निघाली. मात्र ती काही ठराविक देशांतच चालते, हे प्रवासाला निघण्यापूर्वी ध्यानात घ्यावयास हवे.

आता हे निरोपे आकाशात राहतात तरी कसे, ते पाहू. त्यांच्या दोन तऱ्हा आहेत. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीच्या गतीनेच फिरतो आणि खालून पाहणाऱ्याला एका जागी खिळल्यासारखा भासतो. आर्थर क्लार्क या लेखकाने १९४५ साली ही कल्पना मांडली होती. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळच्या आर्वी येथे १९७१ साली देशातील पहिले व्यापारी उपग्रह-भूस्थानक उभे राहिले, ते अशाच स्थिर उपग्रहाकडे तोंड करून. जहाजांच्या सोयीसाठी १९७९ साली स्थापन झालेली इन्मारसॅट ही संस्थाही असेच उपग्रह वापरीत आली. या उपग्रहांचा गुण हा, की ते कोठे आहेत हे नेमके ठाऊक असते. दोष हा, की ते फार दूर आहेत. तेथे जाऊन परत यावयास विजेच्या लहरींनाही पाव सेकंद लागतो. म्हणून अशा फोनवर बोलणारी माणसे एकमेकांची वाक्ये तोडतात. दुसरा दोष गिर्यारोहकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे; तेव्हा हिमालयात उभ्या असलेल्या माणसाला हे उपग्रह नेहमी दक्षिणेच्या बाजूच्या आकाशातच शोधावे लागतात. पर्वताच्या उत्तर अंगाला, उभ्या कड्याच्या कुशीत तळ पडला असेल, तर मधे साक्षात पर्वत येतो.

दुसरी तऱ्हा खालून धावणाऱ्या उपग्रहांची. इरिडियम या नावाची व्यवस्था १९९८ साली सुरू झाली. तिचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून, म्हणजे मुंबईहून नागपूर रस्त्याने साधारण जितके दूर तितक्या उंचीवरून, दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या सहा मार्गांनी फिरतात. जवळ असल्यामुळे त्यांना लहान यंत्राचा क्षीण आवाजही ऐकू येतो. पण ते एका जागी राहत नाहीत. एक उपग्रह क्षितिजावर उगवून आठ-दहा मिनिटांत मावळतो, आणि तोवर दुसरा आलेला असतो. मोकळ्या पठारावर हा फरक जाणवतही नाही. अरुंद दरीत मात्र आकाशाची फक्त एक चिंचोळी पट्टी दिसते, आणि त्या पट्टीतून उपग्रह जाईपर्यंत यंत्र निरोप धरून बसते. निरोप लिहिला आणि यंत्र गप्प राहिले, तर ते बिघडले असे समजून लोक घाबरतात, कळा दाबीत बसतात आणि बॅटरी संपवितात. खरे तर त्या वेळी उघड्यावर येऊन स्वस्थ बसणे, हेच त्याला हवे असते.

संकटसूचक यंत्राची कथा जरा निराळी आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे. १९७२ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अलास्का प्रांतात एक छोटे विमान बेपत्ता झाले. त्यात हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे अमेरिकी लोकसभागृहाचे दोन सदस्य होते. एकोणचाळीस दिवस शोध चालला. विमान आजतागायत मिळालेले नाही. त्यानंतर अमेरिकेत विमानांवर संकटसूचक यंत्र बसविणे कायद्याने आवश्यक झाले. पण यंत्र ओरडत असले, तरी ऐकणारे कोण? म्हणून १९७९ साली कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या चार देशांनी उपग्रहांमार्फत ते ऐकण्याचा करार केला. शीतयुद्ध ऐन भरात असताना झालेला हा करार! १९८२ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील डोंगरांत एक विमान कोसळले. त्यातील तिघांचा आक्रोश ऐकला तो त्याच वर्षी जूनअखेर सोडलेल्या एका सोव्हिएत उपग्रहाने, आणि तिघेही वाचले. कोस्पास-सरसॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेने तेव्हापासून पन्नास हजारांहून अधिक माणसांच्या सुटकेस हातभार लावला आहे.

यातील युक्ती आपल्या नित्याच्या अनुभवातली आहे. आगगाडी शिटी वाजवीत आपल्याकडे येते तेव्हा शिटीचा सूर चढा लागतो. ती पुढे निघून गेली की सूर उतरतो. डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली या प्रकाराची उपपत्ती सांगितली. खाली यंत्र एका जागी पडून ओरडते आहे आणि वरून उपग्रह धावत चालला आहे. तेव्हा उपग्रहाला ऐकू येणारा सूर कसा चढतो आणि कोणत्या क्षणी उतरतो, यावरून यंत्राची जागा काही किलोमीटरांच्या आत ठरविता येते. आजची यंत्रे जीपीएसवरून काढलेला आपला ठावठिकाणाही संकेतात गुंफून पाठवितात, त्यामुळे शोधाचा घेर शंभर-दोनशे मीटरांवर येतो. यंत्र दर पन्नास सेकंदांनी सुमारे अर्धा सेकंद बोलते. असे तुटक बोलल्यामुळे त्याची बॅटरी निदान एक अहोरात्र टिकते. प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक असतो, आणि तो मालकाच्या नावे नोंदविलेला असावा लागतो. नोंद नसलेले यंत्र म्हणजे नाव नसलेली हाक. ऐकणाऱ्याला कुणीतरी ओरडते आहे हे कळते. पण ते कोण, किती जण, कोणत्या वाटेने गेलेले, हे कुणाला विचारावे ते कळत नाही.

भारतही या व्यवस्थेत सामील आहे. आपल्या इन्सॅट मालिकेतील काही उपग्रहांवर १९९२ पासून अशा हाका ऐकण्याची साधने बसविलेली आहेत. बंगळूर आणि लखनौ येथे भूस्थानके आहेत आणि बंगळूर येथे भारताचे नियंत्रण केंद्र आहे. आपल्याच नव्हे, तर काही शेजारी देशांच्या हाकाही तेथे ऐकल्या जातात.

यंत्राची ही थोरवी सांगून झाल्यावर त्याची मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. किंबहुना आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा हाच आहे. संकट आणि सुटका यांच्या मध्ये तीन टप्पे असतात. पहिला, कुणी संकटात आहे हे कळणे. दुसरा, ते कोठे आहेत हे कळणे. तिसरा, तेथवर पोहोचणे. उपग्रहयंत्र पहिले दोन टप्पे दिवसांवरून मिनिटांवर आणते. तिसऱ्या टप्प्याला ते हातही लावीत नाही. उंचीवर हवा विरळ असते, तेथे हेलिकॉप्टरच्या पात्यांना पुरेसा आधार मिळत नाही आणि त्याची भार उचलण्याची शक्ती घटते. ढग उतरले, वारा सुटला, रात्र पडली, की वैमानिकाला थांबावे लागते. मग खालून माणसेच चढत येतात, आणि ती चालतात ती तुमच्याच वाटेने, तुमच्याच गतीने. म्हणून ज्याच्या पिशवीत यंत्र आहे, त्याच्या पिशवीत एक रात्र उघड्यावर काढण्याइतकी ऊब, अन्न आणि औषधही असले पाहिजे. यंत्र आले म्हणून जाड सदरा घरी ठेवला, तर यंत्राने आपले रक्षण केले नाही, आपल्याला फसविले, असेच म्हणावे लागेल.

ही फसवणूक कशी होते, याचे एक उदाहरण जगभर गाजले. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या प्रचंड घळीत २००९ सालच्या सप्टेंबरात चार जण उतरले होते. त्यांच्याजवळ उपग्रहाला साद घालणारे यंत्र होते. पाणी संपले म्हणून त्यांनी कळ दाबली. बचावपथक येईपर्यंत त्यांना पाणी सापडले होते, म्हणून त्यांनी मदत नाकारली. पुढे सापडलेले पाणी खारट लागते म्हणून त्यांनी पुन्हा कळ दाबली. तिसऱ्यांदा कळ दाबली, तेव्हा उद्यानाच्या रक्षकांनी त्यांना सरळ बाहेरच काढले. आपल्याला हसू येते. पण त्या प्रत्येक खेपेला कोणी वैमानिक आपला जीव धोक्यात घालून त्या घळीत उतरला होता. जगात संकटसूचक यंत्रांतून निघणाऱ्या हाकांपैकी बहुसंख्य हाका खोट्या असतात, चुकून दाबलेल्या कळीच्या. अशी चूक झाली, तर यंत्र गुपचूप बंद करून बसू नये. आपण सुखरूप आहोत, हे ज्या मार्गाने कळविता येईल त्या मार्गाने ताबडतोब कळवावे. नाहीतर आपण जेवावयास बसलेले असताना कुणी आपल्याला बर्फात शोधीत फिरते.

यंत्र हाती असलेल्याने काय करावे, हे आता थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट, ते मोकळ्या आकाशाखाली, अँटेना वर करून धरावे. गर्द झाडी, विशेषतः पावसाने भिजलेली पाने, या लहरी शोषून घेतात. दुसरी गोष्ट, थंडीत बॅटरीची शक्ती ओसरते. म्हणून रात्री यंत्र झोपण्याच्या पिशवीत अंगाजवळ ठेवावे आणि गरज नसेल तेव्हा बंद ठेवावे. तिसरी गोष्ट, यंत्र पिशवीच्या तळाशी न ठेवता अंगावर बाळगावे, आणि ते कसे चालवावे हे तुकडीतील निदान दोघांना माहीत असावे. यंत्राचा मालकच दरीत पडला आणि बाकीच्यांना कोणती कळ दाबावी हे ठाऊक नसले, तर ते यंत्र एक निरुपयोगी डबी ठरते.

चौथी गोष्ट निरोपाच्या भाषेची. एका निरोपात बहुधा १६० अक्षरेच मावतात. तेवढ्यात 'आम्ही फार अडचणीत आहोत, लवकर मदत पाठवा' असे लिहिले, तर अर्धा निरोप वाया गेला. कारण कळ दाबली तेव्हाच हे कळून चुकले होते. किती माणसे आहेत, कुणाला काय झाले आहे, तो चालू शकतो की नाही, शुद्धीवर आहे की नाही, तंबू आणि अन्न आहे की नाही, हवा कशी आहे, एवढे लिहावे. 'सहा जण. एकाचा पाय मोडला, चालू शकत नाही, शुद्धीवर. तंबू आहे, अन्न दोन दिवसांचे. बर्फ पडत आहे.' एवढ्यावरून खाली बसलेल्या माणसाला डॉक्टर पाठवावा की दोर, हेलिकॉप्टर मागवावे की पायी पथक, हे ठरविता येते. ज्यांना तारेचा जमाना आठवतो, त्यांना ही कला नवी नाही. तेथे शब्दाला पैसे मोजावे लागत, येथे बॅटरी मोजावी लागते. आणि निरोप पाठविल्यानंतर जागा सोडू नये. सोडावीच लागली, तर नवी जागा कळवावी.

पाचवी गोष्ट घरच्यांविषयीची, आणि ती सर्वांत अधिक दुर्लक्षिलेली आहे. पन्हाळ्याहून शिवाजी महाराज १६६० साली विशाळगडावर पोहोचले, तेव्हा तोफांचे बार झाले आणि खिंडीत लढणाऱ्या बाजीप्रभूंना ते पोहोचल्याचे कळले, असे परंपरा सांगते. त्या तोफेला शब्द बोलता येत नव्हते; तिला अर्थ होता तो आधी ठरविलेल्या संकेतामुळे. रानातल्या यंत्राचेही असेच आहे. रोज संध्याकाळी 'सुखरूप' असा निरोप येईल, असे घरी सांगून ठेवले आणि एक संध्याकाळ तो आला नाही, तर घरच्यांनी काय समजावे? दरी अरुंद असेल, बॅटरी उतरली असेल, यंत्र ओढ्यात पडले असेल. हे आधी ठरविलेले नसले, तर पुण्यात बसलेली आई रात्रभर जागते, आणि सकाळी निष्कारण शोध सुरू होतो. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवावे: एक निरोप चुकला तर काळजी करू नये, अमुक इतके तास काहीच आले नाही, तर अमुक माणसाला, अमुक ठाण्याला कळवावे. हा करार कागदावर लिहून द्यावा. सोबत वाटेचा आराखडा, सोबत्यांची नावे आणि परत येण्याचा दिवसही लिहावा.

आता मी अशा विषयाकडे वळतो, की ज्याचा उल्लेख यंत्रांच्या जाहिरातींत सहसा नसतो. हे यंत्र आपल्या देशात कुणीही खुशाल बाळगू शकत नाही. १८८५ च्या तार-कायद्याने दूरसंचाराचा अधिकार शासनाकडे ठेवला, आणि १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरविले. २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत केला. पण परवानगीचे तत्त्व त्यातही कायम आहे. थुराया आणि इरिडियम या व्यवस्थांचे फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून आणणे किंवा वापरणे येथे निषिद्ध आहे, आणि इरिडियमवर चालणारी मुठीएवढी संदेशयंत्रेही त्यातून सुटत नाहीत. गेल्या काही वर्षांत अनेक परदेशी प्रवाशांना आपल्या विमानतळांवर या कारणासाठी अडविण्यात आले, काहींवर गुन्हे नोंदविण्यात आले. आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत किंवा युरोपात आहेत, त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. तिकडे दुकानात सहज मिळणारे यंत्र मुलाने हिमालयात जाण्यासाठी हौसेने बरोबर आणले, तर त्याचा प्रवास पर्वताऐवजी पोलीस ठाण्यात संपू शकतो.

हा नियम केवळ कागदी अट्टाहास आहे, असे म्हणता येणार नाही. २००८ च्या नोव्हेंबरात समुद्रमार्गाने मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांजवळ उपग्रह-फोन होता, हे तपासात उघड झाले. ज्या निरोपाचे एक टोक आपल्या सीमेवरच्या डोंगरात आणि दुसरे टोक परक्या देशातील भूस्थानकात आहे, त्यावर आपल्या यंत्रणेची नजर राहू शकत नाही. हिमालयातील उत्तम वाटा बहुधा सीमेच्या जवळूनच जातात. तेव्हा राज्यकर्त्यांची चिंता खरी आहे.

पण त्या उंचीवर थंडीने गोठणाऱ्या माणसाची निकडही तितकीच खरी आहे. या दोहोंचा मेळ घालता येत नाही काय? येतो, आणि त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार खोल समुद्रात जातात, तेथेही मोबाइल चालत नाही. त्यांच्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने संकटसूचक यंत्र तयार केले, आणि २०१० पासून ते वापरात आहे. मच्छीमाराने कळ दाबली, की संकेत भारतीय उपग्रहावर जातो, तेथून बंगळूरच्या केंद्रात उतरतो आणि तेथून तटरक्षक दलाकडे जातो. अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे वापरात असल्याचे संस्थेने २०२४ च्या आरंभी सांगितले, आणि त्याच वेळी यंत्राची सुधारलेली आवृत्तीही पुढे आणली. तिच्यात एक नवी सोय आहे: तुमची हाक ऐकली, मदत निघाली, असे उत्तर मच्छीमाराला परत मिळते. अंधारात, उसळत्या समुद्रावर बसलेल्या माणसाला हे चार शब्द किती धीर देत असतील, याची कल्पना करून पाहावी.

या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शासनाचा आक्षेप हाकेला नाही. हाक कोठे उतरते, याला आहे. परदेशी संदेशयंत्राची कळ दाबली, तर ती हाक बहुधा अमेरिकेच्या टेक्सास प्रांतातील एका केंद्रात प्रथम पोहोचते, आणि तेथून आपल्याकडे विचारणा होते. मच्छीमाराची हाक मात्र सरळ आपल्याच केंद्रात उतरते. मग जे समुद्रासाठी केले, ते पर्वतासाठी का करू नये? शासकीय सेवेत आयुष्याची वीस वर्षे घालविलेला एक नागरिक म्हणून माझे नम्र मत असे, की मोठ्या वाटांच्या पायथ्याशी, जेथे वनखाते किंवा पोलीस प्रवाशांची नावे नोंदवून घेतात, तेथेच अशी परवानाप्राप्त यंत्रे अनामत घेऊन द्यावीत आणि परत आल्यावर जमा करून घ्यावीत. यंत्र कुणाकडे आहे हे नोंदवहीत राहील. सुरक्षेलाही बाध येणार नाही. भारत संचार निगमाने २०१७ साली इन्मारसॅटच्या आधारे परवाना-पद्धतीने उपग्रह-फोनची सेवा सुरू केली, तेव्हा कायदेशीर मार्ग मुळीच नाही असे नाही. पण सामान्य प्रवाशाला तो लांबचा आणि खर्चाचा वाटतो. मार्ग आहे, पायवाट नाही, अशी ही अवस्था आहे.

तोपर्यंत काय करावे? ज्यांच्याबरोबर जावयाचे, त्या संस्थेला स्पष्ट विचारावे, की तुमच्याजवळ परवाना असलेले संपर्कसाधन आहे काय, आणि नसल्यास संकटाची बातमी खाली कोण, कोणत्या वाटेने, किती वेळात नेणार. उत्तर अडखळत आले, तर पैसे परत मागावेत. नोंदणी चुकवून चोरवाटेने जाऊ नये. जो नोंदवहीत नाही, त्याला कुणी शोधीत नाही. आणि एक जुना संकेत प्रत्येकाने पाठ करावा. मिनिटाला सहा वेळा शिटी, किंवा रात्री सहा वेळा उजेड, मग एक मिनिट विश्रांती आणि पुन्हा सहा, ही पर्वतांतील संकटाची आंतरराष्ट्रीय खूण आहे. तिला उत्तर म्हणून मिनिटाला तीन वेळा शिटी येते. या शिटीला परवाना लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि आपल्या सह्याद्रीतही ती तितकीच कामाची आहे.

श्रोते हो, हाक कितीही दूर गेली, तरी ती ऐकणारा माणूसच असतो, आणि चढून येणाराही माणूसच. आकाशातला निरोप्या आपले काम चोख बजावतो. तो मधले अंतर पुसतो. पण पलीकडच्या टोकाला जागा राहणारा कुणी, आणि अलीकडच्या टोकाला विचार करून कळ दाबणारा कुणी, हे दोघे असल्यावाचून त्याच्या धावपळीला अर्थ नाही. पहिल्याची सोय करणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे. दुसरे काम मात्र प्रत्येकाने पाठपिशवी भरतानाच करावयाचे आहे.